पोफळी किती पडल्या ते कोण मोजणार

२०२० च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या आठवडाभर आधी, माझ्या लोनच्या खात्यात ७६५ रुपये जमा झाले. मेसेज आला तेव्हा मी खळ्यात सुपारी वाळत घालत होते, आधी वाटलं कोणीतरी चुकून टाकले असतील, मग दोन दिवसांनी बँकेत गेले तेव्हा तिथल्या मुलाने समजावलं की लॉकडाऊनमधे मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची सवलत होती ना, त्या सहा महिन्यांत व्याजावर जे व्याज चढलं तेवढं सरकारने भरलंय. व्याजावरचं व्याज फक्त. बाकी होती ६ लाख, दर ११ टक्के, म्हणजे सहा महिन्यांचं साधं व्याज ३३ हजार, ते माझ्या डोक्यावर होतंच आणि ते मी फेडलं.

त्या ७६५ रुपयांबद्दल माझी तक्रार नाही, नियमात जेवढे बसत होते तेवढे आले. पण त्याच संध्याकाळी आमच्या ठाण्याच्या भाऊजींनी, म्हणजे ह्यांच्या चुलतभावाने, घरच्या ग्रुपवर टाकलं, "बघा, सरकारने व्याजसुद्धा परत दिलं, आता रडणं बंद करा आणि प्रत्येकाने आपापली जबाबदारी घ्यायला शिका." भाऊजी मनाने वाईट नाहीत, वादळानंतर सगळ्यात आधी ताडपत्री त्यांनीच पाठवली होती. पण ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं ते अजून आहे. आणि यंदाच्या मंदीत परत ऐकायला येतंय. शनिवार-रविवारी पाहुण्यांना द्यायच्या आमच्या खोल्या रिकाम्या जातायत, येणारा माणूस एक रात्र राहून निघतो, सुरमईची थाळी नको बांगड्याची द्या म्हणतो, मुंबई-पुण्याकडे ज्यांच्या नोकऱ्या आहेत त्यांचे चेहरे उतरलेत. आणि कोणी काही बोललं की लगेच, सरकार काय काय करणार, आपलं आपण बघायचं.

म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आम्ही श्रीवर्धनच्या पट्ट्यातले. घराच्या मागे वाडी, त्यात पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, माड, चार जायफळं, मिरीचे वेल. वर डोंगराला आंब्याची कलमं. २०१८ साली आम्ही लोन काढून मागच्या बाजूला दोन खोल्या बांधल्या आणि रस्त्यावर बोर्ड लावला, घरगुती जेवणाची व राहण्याची सोय. पहिलं वर्ष चांगलं गेलं, तर २०१९ ला आम्ही एसी बसवले, तेही हप्त्यावर. बाजूला एक पैसा टाकला नव्हता. विमा नव्हता, ना खोल्यांचा ना वाडीचा. अण्णा, माझे सासरे, तेव्हाच म्हणाले होते की एका मोसमाची कमाई पेटीत असल्याशिवाय दुसरं कर्ज काढू नये. ऐकलं नाही आम्ही. ही चूक आमची आणि फक्त आमची, त्यात मला कोणालाही ओढायचं नाही.

मग २४ मार्चला रात्री आठला टीव्हीवर सांगितलं आणि बारापासून सगळं बंद. एप्रिल-मे म्हणजे आमचं वर्ष असतं हो, त्या दोन महिन्यांवर पावसाळा निघतो. सगळी बुकिंग कॅन्सल, अ‍ॅडव्हान्स परत दिले, आंब्याला गाडी मिळेना. आजार आला त्यात सरकारचा दोष नाही हे मलाही कळतं. पण बंद करायचा निर्णय कोणीतरी घेतला, आणि निर्णय घेणाऱ्याने त्याचं पुढचं मागचं सांगायला नको का? त्या तिमाहीत देशाचा जीडीपी २४ टक्क्यांच्या आसपास खाली गेला. एवढी सगळी माणसं एकाच तीन महिन्यांत एकदम बेजबाबदार झाली होती का?

आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं.

त्या दुपारचं फार लिहवत नाही. पोफळ सहसा उन्मळून पडत नाही, ती मधेच मोडते, काडकन आवाज येतो आणि मग वरचा शेंडा कुठे जाऊन पडेल सांगता येत नाही. आम्ही सगळे माजघरात बसलो होतो, धाकटी कानावर हात ठेवून, आणि अण्णा बोटांची पेरं मोजत होते. मला वाटलं जप करतायत. नंतर कळलं ते आवाज मोजत होते. साठच्या पुढे त्यांनी सोडून दिलं म्हणे.

वारा पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा वही घेऊन वाडीत शिरले. त्यांची वही म्हणजे लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, तशा अकरा वह्या आहेत घरात. आडव्या पडलेल्या खोडांवरून, झावळ्यांखालून सरपटत जाऊन त्यांनी तीन दिवसांत एकेक मोजलं. पोफळी १४३. माड ९. जायफळं चारही. हापूस १, रायवळ १. अडुसष्ट वर्षांचा माणूस, आणि परत आले तेव्हा दोन्ही कोपर सोललेले.

अण्णांबद्दल थोडं सांगायला हवं नाहीतर पुढचं कळणार नाही. ते गिरणीत होते, परळला, साचेखात्यात म्हणजे मागावर, १९७४ पासून. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते तीस वर्षांचे होते, घरी बायको, दोन पोरं, आईवडील, आणि सगळं त्यांच्या मनीऑर्डरवर. त्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते आणि त्यातले किती कोकणातले हे आमच्याकडच्या कुठल्याही गावात विचारा, पोस्टमन यायचा बंद झाला ती आठवण अजून म्हातारी माणसं सांगतात. संप अधिकृतपणे मागे कधी घेतलाच गेला नाही, तो नुसता विझला. अण्णा दीड वर्ष वाट बघून गावाला आले ते परत गेलेच नाहीत. पुढे गिरण्यांच्या जागेवर कामगारांना घरं द्यायचं ठरलं, फॉर्म निघाले, बरोबरच्या माणसांनी भरले, अण्णांनी भरला नाही. ट्रंकेत ओळखपत्र होतं, तरी नाही. "आपण कोणापुढे हात पसरत नाय" एवढंच उत्तर. घरात हे वाक्य आम्ही सगळ्यांनी अभिमानाने ऐकलंय, माझ्या मुलांनीही.

तर पंचनाम्याला तलाठी आले ते आठ-दहा दिवसांनी. बिचाऱ्यांकडे किती गावं, लाईट नाही, फोनला रेंज नाही, वर पाऊस लागलेला, आणि वरून आदेश की अमुक तारखेच्या आत पंचनामे पूर्ण करा. छत्री उलटी झालेली, चप्पल हातात. पुढच्या अर्ध्या वाडीत फिरले, मागे पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णांनी सही केली, आईंनी चहा दिला, ते पुढच्या घरी गेले.

भरपाईचे नियम तेव्हा दोनदा बदलले. आधी फळबागेला हेक्टरी १८ हजार होते ते राज्य सरकारने ५० हजार केले. ऐकायला मोठं वाटतं, पण आमच्या वाड्या गुंठ्यात असतात, हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये झाले, आणि त्या एका गुंठ्यात पोफळी, माड, खाली केळ, वर मिरी असं सगळं दाटीने उभं असतं. घाटावरच्या मोकळ्या शेतीची फूटपट्टी आमच्या वाडीला लावली की असं होतं. त्यावर ओरड झाली आणि मग झाडावर भरपाई ठरली, माडाला २५०, पोफळीला ५०. पोफळ लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं लागतात. रोठा सुपारीचं एक चांगलं झाड एका वर्षात ५० रुपयांच्या कितीतरी वर देतं. नुसता मोडका बुंधा कापून उचलायला त्याहून जास्त खर्च आला. पण निदान झाड मोजायचं ठरलं, हे ओरड केल्यामुळे झालं, आणि ओरडणाऱ्यांना तेव्हाही लोक म्हणालेच होते की रडता कशाला.

आमच्या खात्यात आले ५,४५० रुपये.

हिशेब करून बघा, १४३ पोफळींचे ७,१५० आणि ९ माडांचे २,२५०, एकूण ९,४०० व्हायला हवेत. मी नवऱ्याला म्हटलं चौकशी करू. तो म्हणाला चार हजारासाठी कोण जाणार, बसभाड्यात आणि दिवसात तेवढे जातील. अण्णा तर काही बोललेच नाहीत. मला मात्र झोप येईना. चार हजाराची गरज होतीच त्या वर्षी, खोटं कशाला सांगू, पण त्याहून जास्त मला हे टोचत होतं की आम्ही सरपटत जाऊन मोजलेलं कुठे गेलं.

जानेवारीत मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. साधा कागद, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि मागितलं एवढंच की आमच्या पंचनाम्याची प्रत द्या. तीस दिवसांत उत्तर द्यायचा नियम आहे. आलं नाही. एका ऑफिसातून दुसऱ्या, तिथे साहेब मीटिंगला, मग पहिलं अपील केलं, आणि मार्चअखेर कधीतरी एक पाकीट आलं. आत पंचनाम्याची झेरॉक्स. पोफळी ६४. माड ९. जायफळाला रकानाच नव्हता. आणि खाली अण्णांची सही.

मी तो कागद घेऊन पडवीत गेले, अण्णा अडकित्त्याने सुपारी कातरत होते. कागद त्यांच्या पुढे धरला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "सही माझीच आहे."

"पण अण्णा, तुमच्या वहीत १४३ आहेत."

"पुढच्या वाडीतल्या ६४ बरोबर आहेत. मागे त्याला जाता येईना."

"मग सांगितलं का नाही त्यांना, वही दाखवायची."

"तो भिजत आला होता गो. अजून सात घरं होती त्याची. म्हटलं कशाला त्रास."

ह्या एका गोष्टीवर मी किती रात्री विचार केला असेल. तलाठ्याने मागे न जाता आकडा लिहिला, बरोबर? अण्णांनी न वाचता सही केली, तेही बरोबर? आणि एका माणसाच्या गळ्यात एवढी गावं बांधून त्याला आठवड्याची मुदत देणारं जे कोणी वर बसलंय त्याचं नाव त्या कागदावर कुठेच नाही. सही फक्त दोघांची आहे, दोघंही पावसात भिजलेले.

त्याच सुमारास मी अण्णांच्या जुन्या वह्या काढून बसले होते, पोफळी कधी लावल्या त्याच्या नोंदी शोधायला. त्यात १९९१ च्या वहीत एक पान सापडलं. "डोंगरास हापूस कलमे ४०. खड्डे रो.ह.यो. कलमे रो.ह.यो." मला ठाऊकच नव्हतं. वरची बाग म्हणजे अण्णांची स्वकष्टाची बाग असंच आम्ही सगळे बोलतो. तर १९९० पासून राज्य सरकारने रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आणली होती, कोकणात आज वरकस डोंगरांवर आंबा-काजू दिसतो त्यातला कितीतरी त्या योजनेतून उभा राहिलाय. खड्ड्यांची मजुरी, कलमं, खत, तीन वर्षं टप्प्याटप्प्याने पैसे. अण्णांना विचारलं तर म्हणाले हो घेतलं होतं, ती योजना होती, भीक थोडीच होती.

आणि त्याच वहीत पुढे, तीन उन्हाळे, रोजची नोंद. "कावडी १२." "कावडी १४." "कावडी ९, खांदा दुखतो." खालच्या विहिरीवरून डोंगरावर पाणी, जानेवारी ते मे, तीन वर्षं. ४० पैकी ३७ कलमं जगली. शेजारच्या डोंगराला तशीच कलमं त्याच योजनेतून लागली होती, तिथे आता एकही नाही, पाणी घालायला कोणी गेलंच नाही.

भाऊजींना मी हे पान दाखवलं गेल्या गणपतीत. ते लगेच म्हणाले, बघ वहिनी, हेच म्हणतो मी, पाणी कोणी घातलं ते महत्त्वाचं. मी म्हटलं भाऊजी, कलमच नसतं तर अण्णांनी त्या कातळाला पाणी घातलं असतं का? मग मी त्यांना विचारलं की तुमच्या पगारातून महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो तो कशाचा आहे ठाऊक आहे का. नव्हता ठाऊक, त्यांना वाटायचं असाच कुठलातरी टॅक्स. तो कर १९७५ साली आला तो रोजगार हमीला पैसा उभा करायला. १९७२ चा दुष्काळ पडला, लाखो माणसं रस्त्याच्या कामांवर खडी फोडत होती, वि. स. पागे ह्यांनी आधीच मांडलेली ही योजना तेव्हा राज्यभर पसरली आणि १९७७ साली महाराष्ट्राने कायदाच केला, की गावातला माणूस काम मागेल तर सरकारने ते द्यायचं. देशाचा कायदा आला तो २००५ ला. शहरात पगार घेणाऱ्याने वर्षाला थोडे पैसे द्यायचे, त्यातून गावाकडच्याला काम मिळायचं, असं ठरवून, मोजून, कायद्यात लिहून केलेलं होतं ते. आणि २०२० मधे शहरातून माणसं परत आली तेव्हा केंद्राने त्याच रोजगार हमीत ४० हजार कोटी जास्तीचे घातले ना? जुना खड्डा खणलेला होता म्हणून कलम लावता आलं. मंदी आली की माणसाने स्वतःच्या हिमतीवर उभं राहावं हे मला मान्य आहे, पण उभं राहायला जमीन कोणीतरी आधी करून ठेवलेली असते आणि ती ठेवलीय का हे विचारण्याचा हक्क त्या माणसाला नको का?

भाऊजी ऐकत होते. मग म्हणाले, पण विचारून मिळतं काय.

हा प्रश्न खरा आहे. मला तरी ते ३,९५० रुपये मिळाले नाहीत. मुदत संपली असं लेखी आलं. तरी मी विचारत राहणार ते का, तर सप्टेंबर २०२० मधे लोकसभेत प्रश्न विचारला होता, लॉकडाऊनमधे घराकडे चालत निघालेले किती मजूर वाटेत मेले. सरकारचं लेखी उत्तर असं, की अशी आकडेवारी ठेवलेली नाही, आणि ती नसल्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. मी ते वाचलं तेव्हा हातातलं काम सोडून बसले. आमच्या गावातसुद्धा मुंबईहून चालत आलेली माणसं होती, शाळेत चौदा दिवस ठेवलेली, मी रोज भाकऱ्या करून दारात ठेवायचे, एकाच्या टाचा इतक्या फुटल्या होत्या की तो उंबऱ्यापर्यंत गुडघ्यांवर यायचा. माझा सासरा पडलेल्या पोफळींचे आवाज बोटांवर मोजतो आणि एवढं मोठं सरकार माणसं मोजत नाही. मोजलंच नाही तर देणं लागत नाही. मला ह्याचा राग येतो, अजून येतो.

मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं तेव्हा मी आधीच तयारीत होते. आमच्या अकरा पोफळी गेल्या. प्रत्येक बुंध्यावर मी गेरूने आकडा घातला, एक ते अकरा, फोनवर फोटो काढले, शेजारच्या चार घरांनाही करायला लावलं. पंचनाम्याला आलेल्या माणसाला मागच्या वाडीपर्यंत घेऊन गेले, त्याच्या डोक्यावर छत्री मी धरली, आणि आकडा पेनाने लिहून घेतल्याशिवाय अण्णांना सही करू दिली नाही. अकराच्या अकरा आले. आता ग्रामसभेत मी मागणी लावून धरलीय की पंचनाम्याची यादी वर पाठवायच्या आधी गावात मोठ्याने वाचून दाखवायची, ज्याचं चुकलं असेल त्याने तिथेच उठून सांगायचं. पहिल्या वेळी पाच बायका होत्या माझ्या बाजूने. ठराव झालाय, इतिवृत्तात लिहिलाय, पाळतात का ते पुढच्या वादळात कळेल.

घरात पण नियम केलाय. एक मोसम पेटीत. खोल्यांचा विमा काढलाय, हप्ता जड जातो तरी. एसीचं कर्ज फिटल्यावर नवीन काही घेतलं नाही, पाहुणे पंख्यात झोपतात आणि तक्रार करत नाहीत. यंदा धंदा असाच राहिला तर मी पापड-कोकमाचं बघणार आहे. हे माझं मी करीन, त्यासाठी कोणी ग्रुपवर सांगायची गरज नाही.

परवा अण्णांनी मला हाक मारली. ट्रंक उघडी होती. गिरणीचं ओळखपत्र काढून त्यांनी माझ्या हातात दिलं, प्लॅस्टिक पिवळं पडलंय, फोटोतला चेहरा जवळजवळ गेलाय. म्हणाले, "त्या घरांचं काय होतं का बघ. तू विचारतेस ना सगळीकडे, हेपण विचार." उद्या सकाळच्या गाडीने झेरॉक्स काढायला जातेय. ओळखपत्रावरचा अण्णांचा गिरणीतला तिकीट नंबर अजून वाचता येतो.